मंदाबाईंचा बर्फ

सकाळी शाळेत आल्यावर आमच्या स्टाफरूममध्ये तीनच विषय असत. टोमॅटोला काय बाजार निघाला, बिबट्या काल कुणाच्या गोठ्यात शिरला आणि आळेफाट्याला गाड्यांची रांग कुठपर्यंत होती. चौथा विषय मंदाबाईंचा. त्या आत येत, पर्स टेबलावर आपटत आणि कुणी विचारलेलं नसताना जाहीर करत, "आणखी आटला."

म्हणजे बर्फ. तोही आमच्या रसवंतीवाल्याकडचा नव्हे, उत्तर ध्रुवावरचा. उपग्रहानं काढलेला समुद्रावरच्या बर्फाचा नकाशा त्या रोज सकाळी चहाच्या आधी फोनवर बघत आणि त्यातली भर-घट आम्हाला ऐकवत. आम्ही "अरे अरे" म्हणून चहाकडे वळायचो. आमच्या "अरे अरे"ला त्या नाकातून एक "हं" काढून उत्तर देत. त्या एका "हं"मध्ये आमची पदवी, आमचा पगार आणि आमची विद्यार्थ्यांना घडवण्याची भाषणं एकदम मोडीत निघत.

ओतूर आणि आळेफाटा यांच्या मधल्या एका गावात आमची शाळा. बाई तिथं भूगोल शिकवत, मी मराठी. कित्येक वर्षं आमची टेबलं समोरासमोर होती, पण त्यांनी मला नावानं हाक मारल्याचं आठवत नाही. मी कायम "मराठीवाले". इतिहासाचे सर "तलवारवाले" आणि मुख्याध्यापक "परिपत्रकवाले". बाई बुटक्या, काटक, साडीला खांद्यावर मोठी पिन, पायात पुरुषी सँडल. लग्न केलं नव्हतं, आणि का नाही हे विचारायची कुणाची छाती नव्हती. ओतूरला दोन खोल्यांत एकट्या राहत. वडिलांचं घर मात्र शाळेच्याच गावात, वस्तीवर. तिथं त्यांचा धाकटा भाऊ दत्ता द्राक्षबाग करत होता.

मुलांनी त्यांचं नाव "उत्तर ध्रुव" ठेवलं होतं. बाई व्हरांड्यात दिसल्या की वर्गातून "आला रे, उत्तर ध्रुव आला" अशी कुजबुज उठे. बाईंना ते माहीत होतं. "निदान एक दिशा तरी कळली कार्ट्यांना," त्या म्हणत.

त्यांची दोन वाक्यं ठरलेली होती. पहिलं, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?" ते ऐकल्यावर चांगला धडधाकट माणूसही गडबडून "असं म्हणतात" म्हणायचा, की संपलं. दुसरं, "मला माहीत नाही." हे वाक्य आपल्याकडे लोक मान खाली घालून म्हणतात किंवा म्हणतच नाहीत. शिक्षक तर मुळीच नाही. बाई मात्र ते मान वर करून म्हणायच्या. आम्हाला तो उद्धटपणा वाटे.

शाळेच्या पृथ्वीगोलाशी त्यांचं वैर होतं. गोल ज्या पितळी कमानीत बसवला होता तिचा स्क्रू नेमका ध्रुवावर आलेला. "सगळ्यात महत्त्वाची जागा, आणि तिथंच स्क्रू मारून ठेवलाय," असं म्हणून त्यांनी एक दिवस पकडीनं तो स्क्रू काढला. त्यानंतर गोलाला उभं राहता येईना. बाई तो काखेत धरून वर्गावर जायच्या. शिपायानं शाळेच्या मालमत्तेची नासधूस झाल्याची तक्रार केली. मुख्याध्यापकांनी ती बाईंपुढं वाचून दाखवायचं मनात आणलं, पण बाईंचा चेहरा बघून विषय बदलला आणि सहलीचं विचारलं.

शिकवण्यात मात्र खोट काढायला जागा नव्हती, हे त्यांच्या वैऱ्यालाही कबूल करावं लागेल. शाळेला लागून एकाचं टोमॅटोचं रान होतं. गादीवाफ्यांवर तण उगवू नये म्हणून मल्चिंगचा कागद अंथरलेला. वरून चंदेरी, खालून काळा. ऐन उन्हात बाईंनी सगळा वर्ग बांधावर उभा केला, पोरं सांभाळायला मलाही नेलं आणि उरलेल्या कागदाचा एक तुकडा काळी बाजू वर करून शेजारी पसरायला लावला. थोड्या वेळानं म्हणाल्या, "आता एक हात चंदेरीवर ठेवा, एक काळ्यावर." काळ्यावर हात ठेवणारे हाय हाय करत मागं सरले.

"बर्फ म्हणजे चंदेरी बाजू," बाई म्हणाल्या. "ऊन आलं की परतवून लावते. त्याच्याखालचा समुद्र म्हणजे काळी बाजू, तो ऊन पितो. बर्फ वितळला की काळं उघडं पडतं. काळं उघडं पडलं की तापतं, तापलं की शेजारचा बर्फ वितळतो, की आणखी काळं. म्हणून बाकीच्या जगापेक्षा उत्तर ध्रुव कितीतरी वेगानं तापतोय. पृथ्वीचा कागद उलटा व्हायला लागलाय. कळलं?"

एक मुलगी म्हणाली, "मग बाई, आपून परत सुलटा टाकायचा."

"जा ना. टाक. ओतूरहून एस.टी. मिळते का बघ."

मुलं हसली. बाई हसल्या नाहीत. परत येताना मला म्हणाल्या, "या वर्गात अक्कल असलेली ती एकटीच. बाकीच्यांनी नुसते हात भाजून घेतले."

पण गावाच्या लक्षात राहिलं ते वृक्षारोपण. आमच्याकडे दर पावसाळ्यात वृक्षारोपण होतं आणि ते दर वर्षी त्याच खड्ड्यात होतं. खड्डा तयार, फोटोची जागा तयार, रोप तेवढं नवीन आणायचं. त्या वर्षी तालुक्यातले एक पुढारी पाहुणे होते. पांढरी शुभ्र पँट, वर कडक शर्ट. बाईंवर काम होतं आभाराचं. भाषण सुरू व्हायच्या आधी त्यांनी पाहुण्यांसमोर पाण्याचा ग्लास ठेवला, काठोकाठ भरलेला, त्यात बर्फाचा खडा तरंगत असलेला. पाहुण्यांना वाटलं, पाहुणचार.

पाहुणे बोलले आणि तापले. "उत्तर ध्रुवावरचा तरंगता बर्फ वितळला की समुद्र वर येणार आणि मुंबई पाण्याखाली जाणार! मुंबई गेली की मुंबईकर कुठं येणार? जुन्नरला येणार! आपल्या जमिनी घेणार!" टाळ्या पडल्या. मुंबई बुडण्यापेक्षा मुंबईकर येण्याची भीती आमच्या लोकांना जास्त पटली.

मग बाई आभाराला उठल्या. "पाहुण्यांचे आभार. तुमच्या पुढ्यातल्या ग्लासात बर्फ तरंगत होता. तुमचं भाषण होईपर्यंत तो सगळा वितळला. एवढा वेळ बोलल्याबद्दलही आभार. पाणी सांडलं का?"

पाहुण्यांनी ग्लास बघितला. पाणी होतं तिथंच होतं.

"तरंगणाऱ्या बर्फानं पाणी वर येत नाही, जवळजवळ नाहीच. तो आधीच पाण्यात बसलेला असतो. त्याच्या जाण्याचं दुखणं वेगळं आहे, ते माझ्या वर्गातल्या मुलांना विचारा. समुद्र वाढतो तो जमिनीवरचा बर्फ पाण्यात आल्यानं. ग्रीनलंडचा, अंटार्क्टिकाचा. असा." आणि पदराखालच्या वाटीतला एक दणदणीत खडा त्यांनी ग्लासात सोडला. पाणी टेबलावरून थेट पांढऱ्या पँटवर आलं.

मुख्याध्यापकांनी त्यानंतर बाईंना आभाराचं काम दिलं नाही. बाईंनी त्याबद्दल त्यांचे आभार मानले.

आता दत्ताचं. दत्ताची काळ्या द्राक्षांची बाग होती आणि ती गावात नाव घेण्यासारखी होती. द्राक्षवाल्यांचं सगळं वर्ष एका गोष्टीवर फिरतं, ती म्हणजे पावसाळ्याच्या अखेरीची छाटणी. वेलीला कात्री लागली की घड सुटतात, मग फुलोरा येतो. लवकर छाटलं तर माल लवकर निघतो आणि बाजार हाताला लागतो. पण फुलोऱ्यात पाऊस सापडला तर घड वेलीवरच कुजतो. पूर्वी पाऊस केव्हा जाणार याचा काहीतरी अदमास असे. हल्ली तो निरोप घेऊन दारापर्यंत जातो आणि परत येऊन बसतो.

या अडचणीवर आमच्या भागानं एक तोडगा काढला होता. त्याचं नाव गोरखशेठ. शेठचं आळेफाट्याला शेतीच्या औषधांचं दुकान. रोज पहाटे शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर त्यांचा आवाज यायचा, "नमस्कार शेतकरी बांधवांनो." पुढं कुठल्या तारखेला पाऊस येणार, कुठल्या तारखेला जाणार, सगळं छातीठोक. कशावरून, हे कुणी विचारलं नाही. शेठनं पाऊस नाही म्हटलं आणि पाऊस आला, तर बुरशीची औषधं शेठच्याच दुकानात. बाजी कशीही पडली तरी शेठच जिंकणार, आणि तरीही गाव त्यांना द्रष्टा समजत होतं. आमच्या गावाला फसवायला फार कष्ट पडत नाहीत. आवाज खणखणीत लागतो, बस्स.

त्या सप्टेंबरात बागाईतदारांची सभा देवळाच्या मंडपात भरली. दत्तानं मोठ्या हौसेनं बहिणीला नेलं. शाळा जवळच, म्हणून आम्ही दोघे-तिघे शिक्षकही गेलो. दत्तानं उठून सांगितलं, "आमची आक्का रोज उत्तर ध्रुवाचं बघती. आख्ख्या जगाचं हवामान तितं ठरतंय. तिलाच इचारा पाऊस कवा उघडतोय."

त्याचा चेहरा अभिमानानं फुलला होता. बाईंनी माईक घेतला. म्हणाल्या, सप्टेंबरात तिकडचा बर्फ वर्षातला सगळ्यात कमी असतो, आणि तो पूर्वीपेक्षा फार कमी होतोय. ध्रुव आणि आपण यांच्यातला गार-गरमचा फरक कमी झाला की वरचे वारे रेंगाळतात, वेडीवाकडी वळणं घेतात, असं काही शास्त्रज्ञ म्हणतात. सगळ्यांचं त्यावर एकमत नाही. हवा तापली की ती जास्त पाणी धरते आणि एकदम ओतते, हे मात्र पक्कं.

"त्ये ऱ्हाऊ द्या बाई," मागून एकजण म्हणाला. "छाटणी घ्यावी का न्हाई?"

"पाऊस कधी जाईल ते मला माहीत नाही. महिन्यानंतर तुमच्या बागेवर काय पडेल ते कुणालाच माहीत नसतं. म्हणून सगळी बाग एकदम छाटू नका. निम्मी आत्ता घ्या, निम्मी मागून."

मंडपात खसखस पिकली. "एवढं शिकून न्हाई माहीत व्हय!" "बाईंचं बर्फ लई लांब हाय राव!" दत्ता मान खाली घालून सतरंजीच्या दशा ओढत बसला. मग गोरखशेठ उठले. म्हणाले, "गणपती गेले, पाऊस गेला. बिनधास्त घ्या छाटणी." सगळ्यांना हायसं वाटलं. माणसाला खरं नको असतं, तारीख हवी असते.

बाहेर आल्यावर बाईंनी दत्ताला गाठलं. भावाशी बोलताना त्यांचा भूगोलाचा सूर गळून पडे. "दत्ता, निम्मीच घे. ऐक माझं."

"निम्मी निम्मी करून व्यापारी हसंल आक्का. तिथं समद्यांम्होरं माझं नाक कापलंस, त्येवढं बास झालं."

दत्तानं सगळी बाग एका दमात छाटली. दिवाळीच्या तोंडावर बाग ऐन फुलोऱ्यात असताना आभाळ भरून आलं आणि पाऊस पडला, उघडला, पुन्हा पडला. घड वेलीवरच काळे पडून गळाले. गोरखशेठचा पहाटेचा आवाज जरासुद्धा कापला नाही. "शेतकरी बांधवांनो, निसर्गापुढे कुणाचं चालत नाही. औषधं दुकानात उपलब्ध आहेत."

भाऊबीजेला मी ओतूरहून माझ्या बहिणीकडे पेठला निघालो होतो. बाई रस्त्यावर एस.टी.ची वाट बघत उभ्या दिसल्या, हातात डबा. मी त्यांना मोटारसायकलवर घेतलं. वस्तीवर पोहोचलो तर दत्ता ओट्यावर बसलेला. त्याच्या बायकोनं पाट मांडला, तबक आणून ठेवलं. दत्ता हलला नाही.

"ऊठ," बाई म्हणाल्या.

"तुला समदं माहीत व्हतं आक्का."

"मला माहीत नव्हतं. माईकवर सांगितलं मी, गावादेखत."

"रोज सकाळी उठून जगाचं बघती. अन् भावाच्या बागंवर पानी पडनार त्ये तुला दिसलं न्हाई? कोन इस्वास ठेवील? तुला माहीत व्हतं, तू सांगितलं न्हाईस."

"अरे, गोरख तर पाऊस नाही म्हणाला होता. त्याला का नाही विचारत?"

"त्यो काय शिकलाय? दुकानदार मानूस. त्याचं चुकनारच. तू शिकल्याली हायेस."

मी अंगणात गाडी धरून उभा होतो. मला दत्ताचा असा संताप आला की दोन लगावाव्यात. छातीठोक खोटं बोललेला सुटला, आणि माहीत नाही असं खरं सांगणारीवर लपवाछपवीचा आरोप! पण दत्ताच्या तोंडाकडे बघवत नव्हतं हेही खरं. तो अनेक रात्री झोपलेला नव्हता. बाईंनी डबा भावजयीच्या हातात दिला, तबकातल्या निरांजनाची ज्योत फुंकर न मारता बोटांनी शांत केली आणि गाडीवर येऊन बसल्या. मी त्यांना ओतूरला परत सोडायला निघालो. अर्ध्या वाटेवर पाठीमागून आवाज आला, "मराठीवाले, तो तापानं फणफणायचा तेव्हा रात्र रात्र मी मांडीवर घेतलाय त्याला." त्या रडत होत्या, हे मला गाडीच्या आवाजातही कळलं. पेठला पोहोचायला उशीर झाला म्हणून माझ्या बहिणीनं माझी हजेरी घेतली ती वेगळीच.

त्यानंतर शाळेत बर्फाची बातमी बंद झाली. बाई येत, पर्स हळू ठेवत आणि वह्या तपासायला घेत. आम्हाला खरंतर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट चहा पाणचट लागायला लागला. एकदा तलवारवाल्यांनी न राहवून विचारलं, "काय म्हणतोय तुमचा बर्फ?" बाई म्हणाल्या, "कुणाला काय करायचंय." त्यांच्या तोंडून हे ऐकणं त्यांच्या "हं"पेक्षा वाईट होतं.

जानेवारीत गावानं गोरखशेठचा सत्कार केला. शेतकऱ्यांची निरपेक्ष सेवा केल्याबद्दल शाल, श्रीफळ आणि फेटा. टाळ्या वाजवणाऱ्यांत दत्ताही होता. बाईंच्या वाटेवर दत्ता समोरून आला तर तो गाडी दुसऱ्या रस्त्याला वळवायचा. राखीपौर्णिमाही तशीच गेली. बाईंनी त्या दिवशी रजा टाकली नाही, दिवसभर वर्ग घेतले आणि एका पोराला अंटार्क्टिका उलटा काढल्याबद्दल इतकं बोलल्या की ते रडलं.

पुढच्या सप्टेंबरात माझी बदली आमच्या संस्थेच्या दुसऱ्या शाळेत झाली. माझा शेवटचा दिवस होता. मी खण रिकामा करत होतो, समोर बाई वह्या तपासत होत्या. दारात दत्ता येऊन उभा राहिला. वाळला होता. बहिणीकडे न बघता मला म्हणाला, "सर, यांना इचारा, यंदा पाऊस कवा जानार."

मी बाईंकडे बघितलं. बाई वहीतून डोकं वर न काढता म्हणाल्या, "मराठीवाले, त्यांना सांगा, मला माहीत नाही."

"माहीत न्हाई म्हनत्यात," मी सांगितलं. घाईत माझंही तोंड दत्तासारखं चालायला लागलं.

दत्ता गेला नाही. चौकटीवरचा रंग नखानं खरवडत राहिला. "गोरखशेठ म्हनतोय, गेला पाऊस. यंदा बी गेला म्हनतोय." बाईंचं लाल पेन एकाच जागी टेकून राहिलं होतं आणि तिथं शाईचा ठिपका मोठा होत होता.

"सर, यांना इचारा," दत्ता उंबऱ्याकडे बघत म्हणाला, "निम्मी घेऊ का म्हनावं. निम्मी आत्ता, निम्मी मागनं."

मी विचारायला तोंड उघडलं, पण बाई उठल्या होत्या. वही मिटली, पर्स काखेत मारली. एका खुर्चीवरून आणि माझ्या पुस्तकांच्या गठ्ठ्यावरून वाट काढत त्या दारापर्यंत गेल्या आणि वर्षभरात पहिल्यांदा भावाच्या तोंडाकडे बघून बोलल्या.

"गाडी आणलीस का?"

"आनलीया."

"चल मग. कुठून कुठवर घ्यायची ते मी दाखवते. निम्मी म्हणजे निम्मी, दत्ता. तुझ्यावर सोडलं तर तुझी निम्मी बारा आणे असते."